ई-बीजक आणि सेवा-पुरवठादाराची निवड : औषधनिर्मात्यांनी काय पाहावे?

औषधनिर्मिती हा शास्त्राइतकाच व्यवहाराचाही विषय आहे. तैलसिद्धी झाली की नाही हे स्वतः डोळ्यांनी पाहणारा वैद्य विक्रीचे बीजक मात्र हिशेबनिसावर सोपवून मोकळा होतो. वस्तू व सेवा कर कायद्याखाली ई-इनव्हॉइस, म्हणजेच ई-बीजक, सक्तीचे झाल्यापासून ही निश्चिंती परवडणारी नाही. ज्या व्यवसायास ई-बीजक बंधनकारक आहे, त्याने साधे बीजक दिल्यास नियमानुसार ते बीजकच मानले जात नाही. मग माल घेणाऱ्या वितरकाची कर-वजावट अडचणीत येते, तो देयक रोखून धरतो आणि अनेक वर्षांचा व्यापारी संबंध बिघडतो.

सक्ती कोणाला?

१ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटी रुपयांवरील उलाढालीपासून सुरू झालेली ही सक्ती टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरील उलाढालीस लागू झाली. २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका आर्थिक वर्षात ही मर्यादा ओलांडली असल्यास ती लागू होते. पुढे उलाढाल घटली तरी सुटका नाही.

येथे वैद्यबंधूंनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. ही उलाढाल एका पॅन क्रमांकावरील देशभरातील एकत्रित उलाढाल असते व तीत करमुक्त उत्पन्नही धरले जाते. वैद्यकीय सेवा करमुक्त आहे. तथापि रुग्णालय, पंचकर्म केंद्र व औषधनिर्मिती एकाच पॅनवर असतील, तर रुग्णसेवेचे उत्पन्नही या बेरजेत येते.

उलटपक्षी, ई-बीजक हे नोंदणीकृत व्यापाऱ्यास केलेल्या विक्रीसाठी व निर्यातीसाठी आहे. रुग्णास दिलेल्या औषधाच्या पावतीस ते लागत नाही. केवळ चिकित्सालयातून औषधे देणाऱ्या वैद्याने कोणा विक्रेत्याच्या धाकाने वार्षिक वर्गणी भरण्याचे कारण नाही.

पैसे कशाचे?

ई-बीजक म्हणजे ई-मेलने पाठविलेले बिल नव्हे. आपल्याच संगणकावर बीजक तयार होते, त्याचा तपशील शासनमान्य नोंदणी संकेतस्थळावर जातो, तेथून ६४ अक्षरांचा आयआरएन क्रमांक व स्वाक्षरीयुक्त क्यूआर कोड परत येतो आणि तो कोड बीजकावर छापला जातो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या म्हणजे एनआयसीच्या संकेतस्थळाखेरीज काही खासगी संस्थांनाही अशा नोंदणीची मान्यता मिळालेली आहे. क्रमांक कोठूनही घेतला तरी त्याचे कायदेशीर मोल सारखेच. एनआयसीचे साधन विनामूल्य आहे. ज्यांची व्यापारी बीजके दिवसाकाठी दोन-चारच होतात, त्यांचे काम त्यावर भागू शकते. पुरवठादारास आपण पैसे देतो ते क्रमांकासाठी नव्हे, सोयीसाठी. म्हणून ती सोय पारखून घ्यावी.

परिचारकाचे चार गुण

चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादात परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच. सेवा-पुरवठादार हा व्यवसायाचा परिचारकच होय. त्याची परीक्षा याच निकषांवर करावी.

उपचारज्ञता : त्याला आपला व्यवसाय कळतो काय? एकाच निर्मितीशाळेत वटी-चूर्णे होतात तशीच सौंदर्यप्रसाधनेही होतात, आणि दोहोंचे एचएसएन संकेतांक भिन्न असतात. आयुर्वेदीय औषधांचा ३००४९०११ हा संकेतांक त्याला ठाऊक असावा. बॅच क्रमांक व मुदत यांसाठी ई-बीजकाच्या नमुन्यात जागा आहे. ती तो वापरतो काय, हे पाहावे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी औषधांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यापूर्वी विकलेला माल नंतर परत आला, तेव्हा तुमच्या प्रणालीने क्रेडिट नोट कोणत्या दराने केली, असा प्रश्न त्याला विचारावा. मूळ बीजकाच्या दराने, हे योग्य उत्तर. जो येथे अडखळेल, त्याला औषधव्यवसायाचा अनुभव नाही असे समजावे.

दाक्ष्य : आयआरएन मिळाल्यावर बीजकात दुरुस्ती करता येत नाही, चोवीस तासांच्या आत ते रद्द करता येते, त्यानंतर क्रेडिट नोटचाच मार्ग उरतो. म्हणून पाठविण्यापूर्वीच चूक दाखविणारी प्रणाली हवी. वीज वा इंटरनेट गेल्यास अपुरी राहिलेली बीजके ती आठवणीने दाखविते काय? १० कोटी व त्यावरील उलाढालीच्या व्यवसायांना १ एप्रिल २०२५ पासून बीजकाच्या दिनांकापासून ३० दिवसांत नोंदणी करावी लागते, तेव्हा ही आठवण मोलाची ठरते. फैजपूरहून जळगावला जाणाऱ्या मालास ई-वे बिलाची मर्यादा एक लाख रुपये, तर सीमेपलीकडे बऱ्हाणपूरला जाणाऱ्या मालास पन्नास हजार. हा भेद प्रणालीने आपोआप ओळखला पाहिजे.

अनुराग : म्हणजे स्वामीविषयी आस्था. गाडी भरून उभी आहे आणि क्रमांक येत नाही, अशा वेळी फोन कोण उचलतो? मराठीत समजावून सांगणारा माणूस भुसावळ-जळगावात आहे काय? पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नये. दुसऱ्या वर्षाचे शुल्क व प्रति-बीजक आकार आधीच लिहून घ्यावेत.

शौच : व्यवहारातील शुचिता. आपल्या मुख्य खात्याचा पासवर्ड पुरवठादारास देऊ नये. त्याच्यासाठी स्वतंत्र वापरकर्ता नाव निर्माण करता येते. १ एप्रिल २०२५ पासून सर्वांना ओटीपीची दुहेरी पडताळणी लागू आहे. तो ओटीपी मालकाच्या वा विश्वासू कर्मचाऱ्याच्याच मोबाइलवर यावा. रुग्णांची नावे व औषधे यांची नोंद व्यापारी बीजकांच्या प्रणालीत मिसळू देऊ नये, कारण रुग्णाची गोपनीयता हा आपला धर्म आहे. हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. पुरवठादार बदलल्यास सर्व बीजके आपल्या हाती परत मिळतील, हे करारात नमूद असावे.

निर्णयापूर्वी

टॅलीप्राइम, मार्ग यांसारख्या प्रचलित हिशेब-प्रणालींतून थेट ई-बीजक करता येते; तेव्हा हाती असलेली प्रणाली पुरेशी आहे काय, हे प्रथम तपासावे. नवी घ्यावयाची झाल्यास विक्रेत्याच्या तयार नमुन्यावर विसंबू नये. आपलीच मागील महिन्याची वीस बीजके निवडावीत : एक परराज्यातील, एक मोफत मालाच्या योजनेचे, एक मुदतबाह्य परतीचे, एक प्रसाधनांचे, आणि आपल्या हिशेबनिसाकडून ती प्रात्यक्षिकात उतरवून घ्यावीत. आपल्या सनदी लेखापालांचा सल्ला घेऊनच करारावर सही करावी.

पुरवठादार चुकला तरी कायद्यापुढे उत्तरदायी असतो तो बीजक देणाराच. द्रव्यपरीक्षा केल्यावाचून आपण औषधी वनस्पती खरेदी करीत नाही. तीच सावधगिरी येथेही बाळगावी, एवढीच सर्व औषधनिर्मात्या बंधुभगिनींना नम्र सूचना.