दातांवरचा छाप

अमेरिकेत फोर्डच्या गाड्यांखाली १९५७ ते १९८६ पर्यंत येत राहिलेला नऊ इंची मागचा ॲक्सल तिथल्या शर्यतीच्या गॅरेजमध्ये आजही नव्याने बांधला जातो. क्राऊन व्हीलच्या व्यासावरून त्याचं हे नाव पडलं. दोन्ही बाजूंचे ॲक्सल शाफ्ट ओढून घ्यायचे, पुढचे नट काढायचे, की क्राऊन, पिनियन आणि डिफरन्शियल असा अख्खा गड्डा बाहेर येतो. मग गाडीखाली आडवं न पडता, टेबलावर भरपूर उजेडात दात जुळवता येतात. मला या ॲक्सलचा हाच गुण सगळ्यांत मोठा वाटतो.

साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक चिखलात नुसतं गरगरू लागलं, की पकड असलेल्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. क्लच प्लेटांचं लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल दोन्ही चाकांना काही प्रमाणात एकत्र बांधून ठेवतं. ते बसवताना अनेकांना वाटतं, पिनियनला हात लावला नाही म्हणजे दातांची जुळणीही आहे तशीच राहिली. पिनियनची खोली तशीच राहते, हे खरं. पण क्राऊन व्हील आता दुसऱ्या केसवर बसलेलं असतं. बेअरिंगच्या बैठकीपासून त्याच्या फ्लँजचं अंतर मिलिमीटरच्या काही शतांश भागांनी जरी वेगळं निघालं, तरी दात निराळ्या जागी भेटतात.

म्हणून आधी डायल गेज. काटा क्राऊनच्या दातावर, बाहेरच्या टोकाशी काटकोनात टेकवायचा, पिनियन घट्ट धरायचा आणि क्राऊन हलकेच पुढेमागे हलवायचा. नव्या जोडीला इथे साधारण ०.२० ते ०.३० मिलिमीटर प्ले ठेवतात. माप चार ठिकाणी घ्यावं. ते जागोजागी बदलत असेल, तर क्राऊनच्या पाठीवर किंवा फ्लँजवर कचरा किंवा धातूची उठलेली कड उरली असण्याची शक्यता मोठी. प्ले कमीजास्त करायला दोन्ही बाजूंना आट्यांचे ॲडजस्टर असतात. एक जितका सैल कराल, तितकाच दुसरा आवळायचा, म्हणजे बेअरिंगचा प्रीलोड बिघडत नाही.

आकडा बरोबर आला, तरी काम संपत नाही. मार्किंग पेस्ट तीन-चार दातांच्या दोन्ही अंगांना लावायची, क्राऊनला लाकडाच्या ठोकळ्याने अडवत पिनियन दोन्ही दिशांना फिरवायचा आणि रंग कुठून पुसला गेला ते पाहायचं. छाप दाताच्या मधोमध हवा. दोन्ही अंगांना तो दाताच्या माथ्याकडे सरकला असेल, तर पिनियन क्राऊनपासून लांब आहे. मुळाशी गेला असेल, तर फार जवळ आहे. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. इतर अनेक ॲक्सलांत पिनियनच्या डोक्यामागची शिम जाड केली, की तो क्राऊनकडे सरकतो. नऊ इंचीत शिम पिनियनच्या सपोर्टखाली येते, त्यामुळे जाड शिम त्याला लांब नेते.

जुनी, झिजलेली जोडी पुन्हा वापरत असाल, तर खोलण्याआधीचा प्ले आणि छाप नोंदवून ठेवा आणि जोडी पुन्हा त्याच जागी आणा. पुस्तकातल्या आकड्यासाठी तिची जागा बदलली, तर ती हमखास गुणगुणू लागते.

काम दुसऱ्याकडून करून घेणार असाल, तर गड्डा ॲक्सलमध्ये परत बसवण्याआधी दोन्ही अंगांच्या छापाचा फोटो मागून घ्या. छाप न पाहता बसवलेलं डिफरन्शियल ताब्यात घेऊ नका.