‘सर्व्हर डाउन’ म्हणजे नेमकं काय डाउन?

पडद्यामागचं संगणकशास्त्र : लेखांक ९

पीकविम्याच्या शेवटच्या दोन दिवसांत शिरपूर जैनमधल्या कुठल्याही सेवा केंद्रात गेलात, तर एक वाक्य हमखास कानावर पडतं : “सर्व्हर डाउन आहे, दुपारून या.” सोयाबीनची पेरणी आटोपून, सातबारा, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स पिशवीत घालून आलेला माणूस मग बाहेरच्या बाकावर बसतो. हे काही एकट्या शिरपूरचं दुखणं नाही. २०२३ साली राज्यात एक रुपयात पीकविमा सुरू झाला, तेव्हा ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली होती.

बाकावर बसलेल्याच्या डोळ्यांपुढे मुंबई-पुण्याकडचा एखादा मोठा संगणक बंद पडलेला असतो. मागच्या आठवड्यात आपण डेटा सेंटरची इमारत, तिची वीज आणि तिथला गारवा पाहिला. त्या इमारतीत शिरलात तरी ‘हा सातबाऱ्याचा सर्व्हर’ म्हणून बोट दाखवावं असं एकच यंत्र सहसा सापडणार नाही. सातबारा दाखवणाऱ्या महाभूलेख संकेतस्थळावर अमरावती विभाग, मग वाशीम जिल्हा, मालेगाव तालुका, शिरपूर असं निवडत आपण गट नंबरापर्यंत पोचतो. ही विनंती ज्या सर्व्हरकडे जाते, तो बहुधा आभासी असतो. त्याला स्वतःचा पत्रा नाही, पंखा नाही, वीजजोडणीही नाही. तरी तो खरं काम करतो आणि खरोखर अडकतोही.

एक काम, एक यंत्र

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची रीत सरळ होती : एक काम, एक यंत्र. पगाराचं सॉफ्टवेअर एका सर्व्हरवर, ईमेल दुसऱ्यावर, हिशेब तिसऱ्यावर. दोन सॉफ्टवेअर एकाच यंत्रावर ठेवली की एकाच्या अपडेटने दुसरं मोडायचं, म्हणून प्रत्येकाला वेगळं घर. शिवाय प्रत्येक विभागाची निविदा वेगळी, आणि खरेदी नेहमी सर्वांत गर्दीच्या दिवसाचा अंदाज धरून. परिणाम असा की वर्षाचे बहुतेक दिवस यातली कित्येक यंत्रं आपल्या ताकदीच्या दहा-पंधरा टक्केही वापरत नसत.

रिकामं यंत्र फुकट बसत नाही. गूगलच्या लुईझ बारोसो आणि उर्स हॉल्त्सले यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं, की काहीही काम नसलेला सर्व्हरसुद्धा पूर्ण भारावरच्या विजेच्या जवळपास निम्मी वीज खातो. म्हणजे पैसे यंत्राचे, जागा यंत्राची, वीज यंत्राची आणि ती थंड ठेवण्याचीही. काम मात्र नाममात्र.

उपाय त्याआधीच सापडलेला होता. आयबीएमने १९६० च्या दशकात एका मोठ्या संगणकाचे अनेक आभासी संगणक करून पाहिले आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली. तेव्हा संगणक इतका महाग होता की तो वाटून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पुढे छोटे संगणक स्वस्त झाले आणि वाटणीची गरज उरली नाही. अशा यंत्रांनी डेटा सेंटरातल्या रॅकच्या रांगा भरल्यावर ती पुन्हा जाणवली.

हायपरव्हायजरची युक्ती

प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम, मग ती विंडोज असो वा लिनक्स, असं धरून चालते की सगळं यंत्र आपलंच आहे. मेमरी आपली, प्रोसेसर आपला, डिस्क आपली. तिचा हा समज मोडायचा नाही, पण खाली प्रत्यक्षात वाटणी करायची, हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायजर म्हणतात. आभासी यंत्रातल्या सिस्टिमने हार्डवेअरला हात घालणारी एखादी खास आज्ञा दिली, की प्रोसेसर ती अडवतो आणि हायपरव्हायजरकडे सोपवतो. हायपरव्हायजर ती तपासून योग्य ते उत्तर देतो आणि सिस्टिम पुढे चालू लागते.

आपल्या नेहमीच्या संगणकांत असतात त्या एक्स८६ जातीच्या प्रोसेसरांत इथेच गोची होती. त्यांच्यातल्या सतरा आज्ञा अशा होत्या की त्या अडवल्याच जात नसत. गपचूप वेगळं काहीतरी करून मोकळ्या होत. म्हणून बरीच वर्षं तज्ज्ञांचं मत होतं की या प्रोसेसरवर हे जमणार नाही. १९९८ मध्ये डायन ग्रीन, मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीएमवेअर ही कंपनी काढली आणि तोडगा शोधला : अडचणीच्या आज्ञा चालण्याआधीच ओळखायच्या आणि जागच्या जागी बदलायच्या. २००१ मध्ये त्यांचा ईएसएक्स हा सर्व्हरसाठीचा हायपरव्हायजर आला. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये ही सोय थेट प्रोसेसरमध्येच दिली. २००७ मध्ये केव्हीएम हा हायपरव्हायजर लिनक्सच्या गाभ्यातच दाखल झाला, आणि वाटणीचं हत्यार लिनक्ससोबतच फुकट मिळू लागलं.

वऱ्हाडातल्या वाचकाला ही वाटणी सामायिक विहिरीवरून चटकन कळेल. तीन भावांच्या हिश्श्यात विहीर एकच राहते, मग पाळ्या ठरतात. ज्याची पाळी, त्याला तेवढा वेळ विहीर पूर्ण आपली. हायपरव्हायजर प्रोसेसरच्या अशाच पाळ्या लावतो. फरक एवढाच की त्याची पाळी काही मिलिसेकंदांची असते, त्यामुळे कुणाला थांबल्यासारखं वाटत नाही. तिघांची तहान वेगवेगळ्या वेळी असली तर एका विहिरीत तिघांचं भागतं. तिघांचंही पीक एकाच आठवड्यात सुकायला लागलं, तर पाळ्या कितीही हुशारीने लावा, झरा वाढत नाही.

डेटा सेंटरातली सगळी काटकसर याच गृहीतावर उभी आहे. प्रोसेसरचे बत्तीस कोर, म्हणजे एकेक काम करणारे भाग, असलेल्या यंत्रावर आभासी सर्व्हरांना मिळून शंभर कोर ‘दिलेले’ असू शकतात, कारण सगळे एकदम राबत नाहीत. प्रोसेसरच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खपतं. मेमरीच्या बाबतीत नाही. मेमरी कमी पडली की मजकूर डिस्कवर हलवावा लागतो आणि वेग कोसळतो. प्रोसेसरवर फारच गर्दी झाली, तर आभासी सर्व्हर स्वतःच्या मोजमापात निवांत दिसतो, पण त्याची पाळीच येत नसते. म्हणून अनुभवी ॲडमिन आधी ‘वाट पाहण्यात किती वेळ गेला’ तो आकडा बघतो.

फाइल झालेला सर्व्हर

आभासी सर्व्हरची डिस्क ही खालच्या यंत्राच्या दृष्टीने एक मोठी फाइल असते. त्यामुळे सर्व्हरची नक्कल काढता येते, अपडेट करण्याआधीची स्थिती जपून ठेवता येते, बिघडला तर मागे जाता येतं. चालू सर्व्हर एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताही येतो. आधी त्याची मेमरी पलीकडे उतरवायची, तोवर मेमरीतले जे तुकडे बदलले ते पुन्हा पाठवायचे, असं करत करत उरलेलं थोडंसं राहिलं की क्षणभर थांबवून पलीकडे सुरू करायचं. वापरणाऱ्याला कळतही नाही. व्हीएमवेअरने ही सोय २००३ मध्ये आणली. यंत्राची रॅम बदलायची म्हणून रविवारी रात्री सगळी सेवा बंद ठेवण्याची पद्धत त्यामुळे मागे पडली.

या क्षेत्रात महाराष्ट्राने नुसती खरेदी केलेली नाही. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या ईएसडीएस या कंपनीने ‘ईनलाइट’ हा क्लाउड, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या आभासी सर्व्हरांचा साठा, उभारला. चालू आभासी सर्व्हर बंद न करता, भार वाढेल तसा त्याचा प्रोसेसर आणि मेमरी वाढवायची आणि भार ओसरला की काढून घ्यायची, ही त्यातली कल्पना. तिला अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पेटंटही मिळालं. शासकीय बाजूने, केंद्राच्या ‘मेघराज’ योजनेतला राष्ट्रीय क्लाउड फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर करून विभागांना क्लाउडकडे वळवलं. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये राज्यात आपली क्लाउड केंद्रं उघडलेली होतीच.

तारांचीही वाटणी

सर्व्हर हलू लागले आणि नेटवर्क अडून बसलं. सर्व्हरचा आयपी पत्ता त्याच्या जागेशी, म्हणजे तो ज्या स्विचला जोडलाय त्याच्याशी बांधलेला असे. सर्व्हर चौथ्या रॅकवरून चाळिसाव्या रॅकवर गेला, तर स्विच, राउटर, फायरवॉल सगळीकडे माणसाने जाऊन बदल करायचे. सर्व्हर सेकंदांत हलायचा, नेटवर्कला आठवडा लागायचा.

एकाच तारेवर अनेक वेगळी नेटवर्कं चालवण्यासाठी व्हीलॅन ही जुनी सोय होती. पण तिचा क्रमांक बारा बिटांचा, म्हणून वापरण्याजोगी नेटवर्कं फक्त ४,०९४. एका कार्यालयाला ती भरपूर. हजारो ग्राहक सांभाळणाऱ्या क्लाउडला अपुरी. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हीएक्सलॅन या पद्धतीत हा क्रमांक चोवीस बिटांचा झाला आणि संख्या १ कोटी ६७ लाखांवर गेली. यात आभासी सर्व्हरने पाठवलेल्या माहितीचा तुकडा, म्हणजे मूळ पॅकेट, जसंच्या तसं दुसऱ्या पॅकेटच्या पोटात घालून पाठवलं जातं. मधल्या स्विचना बाहेरचा पत्ता तेवढा दिसतो. आतला सर्व्हर कुठल्याही रॅकवर गेला तरी त्याचा पत्ता तोच राहतो.

या सोयीची किंमत पन्नास बाइट. बाहेरच्या वेष्टनामुळे प्रत्येक पॅकेट तेवढं फुगतं. मधल्या एखाद्या स्विचची मर्यादा नेहमीच्या १,५०० बाइटांवरच राहिली असेल, तर छोटी पॅकेटं सुखरूप जातात आणि मोठी गळतात. मग लॉगिन होतं, यादी दिसते, पण पीडीएफ काही उतरत नाही. सगळे दिवे हिरवे आणि काम ठप्प, असा हा दोष भल्याभल्यांची रात्र खातो.

नेटवर्कच्या या वाटणीला दिशा दिली ती स्टॅनफर्डमधल्या संशोधनातून आलेल्या मार्टिन कसाडो यांच्या निसिरा या कंपनीने. व्हीएमवेअरने ती २०१२ मध्ये १२६ कोटी डॉलरांना घेतली. तेव्हापासून स्विच, राउटर आणि फायरवॉल यांचं बरंचसं काम सर्व्हरमधल्या सॉफ्टवेअरने करायचं, ही कल्पना कॉर्पोरेट डेटा सेंटरांत रुजली. प्रत्येक आभासी सर्व्हरच्या दारातच फायरवॉल बसवता येते, त्यामुळे एका सर्व्हरमध्ये शिरलेला व्हायरस शेजारच्यात सहज सरकत नाही.

मग डाउन काय असतं?

आता शिरपूरच्या बाकावर परत जाऊ. अर्ज भरताना साखळीत बरंच काही असतं : गावातली इंटरनेटची जोडणी, पोर्टलचं वेबपान दाखवणारे सर्व्हर, त्यांच्यामागचा डेटाबेस, आधारचा ओटीपी, पैसे भरण्याची सेवा, आणि पीकविम्याच्या केंद्रीय पोर्टलला लागणारी राज्याच्या भूमी अभिलेखांची माहिती. यातली एक कडी अडली तरी पडद्यावर चक्र फिरत राहतं आणि काउंटरवरून उत्तर एकच येतं.

वेबपान दाखवणारे आभासी सर्व्हर वाढवणं सोपं आहे. पाचाचे पन्नास काही मिनिटांत होतात. डेटाबेसचं तसं नाही. एकाच नोंदीवर दोन बदल एकदम आले तर एकाने थांबायलाच हवं, नाहीतर हिशेब चुकेल. त्यामुळे पुढचे सर्व्हर दहापट केले की मागच्या डेटाबेसपुढची रांगही दहापट होते, आणि उपायच अपायकारक ठरू शकतो. २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेचे कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरताना राज्यभर लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. लाखो लोक एकाच वेळी एकाच दाराशी आले की यंत्रांच्या संख्येइतकाच आराखड्याचा कस लागतो : कोणतं काम लगेच व्हायला हवं आणि कोणतं पोच देऊन मागाहून पुरं करता येईल, हे आधी ठरवलेलं असावं लागतं.

वाटणीचे धोकेही मोठे असतात. खालचं एक यंत्र बंद पडलं की त्यावरचे तीस-चाळीस आभासी सर्व्हर एकदम पडतात. ते दुसऱ्या यंत्रावर आपोआप उठतात, पण त्यात काही मिनिटं जातात आणि तिथे मोकळी जागा असावी लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘ईएसएक्सआयआर्ग्स’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने थेट व्हीएमवेअरच्या हायपरव्हायजरवरच हल्ला केला. ज्या भगदाडातून ते शिरल्याचं मानलं गेलं, त्याचं ठिगळ २०२१ पासून उपलब्ध होतं. अनेक ठिकाणी ते लावलेलंच नव्हतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि एकदा पैसे भरून कायमचं लायसन्स देणं बंद झालं. सगळं ओझं एकाच विक्रेत्याच्या खांद्यावर दिलेल्या कंपन्या तेव्हापासून केव्हीएमवर आधारलेले पर्याय चाचपत आहेत.

आभासीकरणाने यंत्रं कमी झाली, वीज वाचली, सर्व्हर उभा करायला लागणारे महिने मिनिटांवर आले. त्याने टंचाई मात्र संपवली नाही; ती वाटण्याचं कसब दिलं. म्हणून ‘सर्व्हर डाउन’ या उत्तरावर थांबू नये. ओटीपी येत नाही, पान उघडत नाही की ‘सबमिट’ केल्यावर अडकतं, एवढं विचारून ते तक्रारीत वेळेसह लिहिलं तर तिचं वजन वाढतं, कारण प्रत्येक लक्षण वेगळ्या कडीकडे बोट दाखवतं. आणि मुदत ठरवणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी : सगळ्यांसाठी एकच शेवटची तारीख ठेवणं हाही यंत्रणेवर भार टाकण्याचाच निर्णय आहे. तो क्लाउडमध्ये घेतला जात नाही, कार्यालयात घेतला जातो.

(पुढच्या आठवड्यात : डेटाबेसमधली रांग, आणि एकाच गटाच्या दोन फेरफारांत आधी कोणाचा?)