अर्धवट कामांची रात्रपाळी

दिवसभरात न उरकलेले काम दिवा मालवल्यावर डोक्यात जागे होते. गॅसचा नंबर लावायचा राहिला, सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त लिहायचे आहे, आईचे डोळे तपासून आणायचे आहेत, सातबाऱ्यावरची नावातली चूक तशीच आहे. यांतले एकही काम रात्री साडेअकराला करता येत नाही. तरीही ती एकामागून एक हजेरी लावतात आणि शेवटचे येऊन जाते तोवर पहिले पुन्हा दारात उभे असते. या लेखमालेत ‘विचारांचे काहूर’ हा शब्द आतापर्यंत सरसकट वापरला गेला. पण त्या काहुरात निरनिराळ्या जातींचे विचार असतात आणि त्यांतला मोठा वाटा अशा साध्या थकबाकीचा असतो.

या आठवड्यात श्वासाचा विषय येणार होता. मात्र वाचकांच्या पत्रांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला: दिवसभर डोके ठीक असते, पाठ टेकली की गिरणी सुरू होते, ती का? या प्रश्नाला पुरा लेखांक द्यावा लागतो, म्हणून श्वास एक आठवडा थांबला आहे.

पहिले कारण रिकामेपणाचे. दिवसा डोळे, कान आणि हात कामात गुंतलेले असतात, त्यामुळे मेंदूच्या लक्षाला बाहेरची गिऱ्हाइके भरपूर असतात. अंधाऱ्या खोलीत ती एकदम बंद होतात. बाहेरचे काम थांबले म्हणून मेंदू मात्र थांबत नाही. अमेरिकेतील मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रेचल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवले की माणूस विशेष काही करत नसताना मेंदूतले काही ठरावीक भाग उलट अधिक सक्रिय असतात. मागचे आठवणे, पुढचे योजणे, स्वतःविषयी आणि इतरांविषयी विचार करणे ही त्या भागांची कामे. थोडक्यात, रिकामा मेंदू आपल्या घरातलीच खाती उघडून बसतो. त्या खात्यांत सर्वांत वर काय असते, याचे उत्तर एका जुन्या प्रयोगाकडे नेते.

ब्लूमा झाइगार्निक ही लिथुएनियात जन्मलेली विद्यार्थिनी 1920 च्या दशकात बर्लिनमध्ये कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकत होती. लेविन आणि त्यांचे विद्यार्थी कॅफेत तासन्‌तास गप्पा मारत बसत. सांगितले जाते ते असे की तिथला वेटर कोणी काय मागवले ते कुठेही न टिपता बिनचूक सांगे. पण पैसे चुकते झाल्यावर थोड्या वेळाने तेच विचारले, तर त्याला आठवेना. हिशेब मिटला आणि आठवणही मिटली. उधारीच्या वहीवर चालणाऱ्या किराणा दुकानदाराला हे नवे वाटणार नाही. रोखीचे गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत विसरले जाते, बाकी ठेवून गेलेले महिनाभर लक्षात राहते.

झाइगार्निक यांनी ही गोष्ट प्रयोगशाळेत नेली. लोकांना कोडी सोडवणे, मणी ओवणे, मातीच्या आकृत्या करणे अशी वीसेक छोटी कामे दिली. निम्मी कामे पूर्ण होऊ दिली आणि निम्मी ऐन रंगात असताना थांबवली. नंतर कोणकोणती कामे केली ते विचारले, तेव्हा मध्येच तोडलेली कामे पुरी झालेल्यांपेक्षा बरीच जास्त आठवली. हा निबंध 1927 मध्ये प्रसिद्ध झाला. अर्धवट कामाने मनात एक ताण उरतो आणि काम पुरे झाले की तो सुटतो, असा त्याचा अर्थ लावला गेला.

झाइगार्निक पुढे मॉस्कोला गेल्या. त्यांच्या पतीला 1940 मध्ये अटक झाली, मुले पदरात होती, पुढे युद्ध आले. युद्धकाळात त्यांनी मेंदूला इजा झालेल्या सैनिकांबरोबर काम केले आणि सोव्हिएत रशियात मनोविकारांच्या मानसशास्त्रीय अभ्यासाचा पाया घातला. 1988 मध्ये त्यांचे निधन झाले. जगाने मात्र त्यांचे नाव तरुणपणीच्या त्या एकाच प्रयोगाला चिकटवून ठेवले.

त्या प्रयोगाचा निष्कर्षही तितका पक्का राहिला नाही. पुढच्या अनेक संशोधकांना स्मरणातला हा फरक कधी सापडला, कधी नाही. त्यामानाने टिकून राहिला तो लेविन यांच्याच दुसऱ्या विद्यार्थिनीचा, मारिया ओव्ह्‌स्यांकिना यांचा, 1928 चा निष्कर्ष. काम मध्येच तोडले आणि माणसाला मोकळे सोडले, तर कोणी न सांगता तो बहुधा त्याच कामाकडे परत वळतो. रात्रीच्या प्रश्नाला हीच बाजू अधिक लागू पडते. अर्धवट काम नुसते आठवत नाही, ते परत बोलावते. अंथरुणात पडलेल्या माणसाला त्या हाकेला ओ देता येत नाही, म्हणून हाक चालू राहते.

अशा वेळी घरातून हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘नको विचार करूस, झोप आता.’ तो का फसतो हे मराठी घरांत पूर्वीपासून माहीत आहे. वैद्याने औषध दिले आणि बजावले, घेताना फक्त माकड आठवायचे नाही. रोग्याला आयुष्यात कधी औषधाच्या वेळी माकड आठवले नव्हते, पण त्या दिवसापासून औषधाची वाटी हातात घेतली की माकड हजर. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेग्नर यांनी 1987 मध्ये हेच माकड पांढऱ्या अस्वलाच्या रूपात प्रयोगशाळेत आणले. अस्वलाची कल्पना दस्तयेव्हस्कीच्या प्रवासवर्णनातली. विद्यार्थ्यांना पाच मिनिटे मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितले, पण पांढरे अस्वल मनात आणायचे नाही आणि आलेच तर घंटी वाजवायची. घंटी सरासरीने मिनिटाला एकाहून अधिक वेळा वाजली. पुढच्या पाच मिनिटांत खुशाल अस्वलाचा विचार करा म्हटल्यावर तर याच विद्यार्थ्यांना ते, सुरुवातीपासून मुभा असलेल्यांपेक्षाही, अधिक वेळा आठवले.

वेग्नर यांचे स्पष्टीकरण असे. विचार टाळायचा तर मनाचा एक भाग दुसरीकडे लक्ष लावतो आणि दुसरा भाग टाळायचा विचार आला का, हे तपासत राहतो. तपासणाऱ्याला काय शोधायचे ते लक्षात ठेवावेच लागते. माणूस दमलेला असला की पहिला भाग ढिला पडतो, पहारेकरी मात्र जागाच राहतो. रात्री अकरानंतर दमलेला नाही असा माणूस विरळा. म्हणून विचार दाबण्याचा उपाय नेमका झोपेच्या वेळी सर्वांत कुचकामी ठरतो.

मग हाक थांबवायची कशी? काम पुरे करणे हा सरळ उपाय, पण मध्यरात्री तो हाताशी नसतो. इथे ई. जे. मासिकॅम्पो आणि रॉय बाउमाइस्टर यांचे 2011 चे प्रयोग उपयोगी पडतात. त्यांनी काही जणांना त्यांची महत्त्वाची अपुरी कामे आठवायला लावली आणि नंतर एका रहस्यकादंबरीची पाने वाचायला दिली. अपेक्षेप्रमाणे वाचताना त्यांचे मन त्या कामांकडे भरकटले. दुसऱ्या गटालाही अशीच कामे आठवायला लावली, पण ती कधी, कुठे आणि कशी करणार याचा बेत लिहायला सांगितला. कामे अजूनही तशीच अपुरी होती. तरी या गटाचे मन वाचनात पुष्कळ अधिक रमले. मनाची मागणी काम पुरे होण्याची होती असे वाटत होते. प्रत्यक्षात नक्की ठरलेल्या बेतावरही ते गप्प बसले.

हीच गोष्ट झोपेच्या बाबतीत अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातील मायकेल स्कलिन यांच्या गटाने तपासली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात 57 निरोगी तरुण-तरुणी झोपेच्या प्रयोगशाळेत रात्र काढायला आले. झोपण्याआधी निम्म्यांनी पाच मिनिटे पुढच्या काही दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, निम्म्यांनी गेल्या काही दिवसांत झालेल्या कामांची. मेंदूच्या विद्युतलहरी मोजून झोप लागल्याची वेळ ठरवली. करायची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. यादी जितकी तपशिलाची, तितकी झोप लवकर. एक रात्र आणि 57 माणसे एवढ्यावर मोठा दावा करता येत नाही. पण उपायाला खर्च वहीपेन्सिलीचा आहे आणि अपाय काही नाही.

जुन्या पेढीवर दिवसाचा रोजमेळ जुळल्याशिवाय दुकान वाढवत नसत. मेळ जुळला म्हणजे सगळी उधारी वसूल झाली असे नव्हे. कोणाकडून किती येणे आहे ते ठरल्या पानावर उतरले, एवढाच त्याचा अर्थ. रात्रीच्या वहीचे कामही तेच आणि तिचे नियम थोडे आहेत.

लिहायचे ते झोपण्यापूर्वी, पण अंथरुणाबाहेर बसून. अंथरूण हिशेबाची जागा झाली तर पाठ टेकताच हिशेब आठवू लागतात. लिहायचे कागदावर. मोबाईलवर यादी करायला घेतली की दोन निरोप आणि एक बातमी मध्ये घुसते, आणि यादीत नवीच कामे वाढतात.

नोंदीत पुढचे पाऊल हवे. ‘सातबारा’ एवढे लिहिणे म्हणजे नुसते भूत कागदावर काढणे. ‘सोमवारी साडेदहाला तलाठी कार्यालय, जुन्या फेरफाराची प्रत सोबत’ ही नोंद झाली. ‘बाबांची तब्येत’ ही नोंद नव्हे. ‘उद्या दुपारी बहिणीला फोन, रक्ताच्या तपासणीचा दिवस ठरवणे’ ही नोंद. काम मोठे असले तरी लिहायचे ते पहिले पाऊलच. ज्या ओळीला वार, वेळ किंवा जागा जोडता येत नाही, ती ओळ रात्री परत येण्याचा संभव असतो.

काही ओळींना वार-वेळ जोडताच येत नाही, आणि तिथे वहीची मर्यादा कळते. ‘मुलाला परदेशात एकटे वाटत असेल का’, ‘तेव्हा आपण बोललो ते चुकले का’ ही कामे नाहीत. त्यांना पुढचे पाऊल नाही. अशा विचारांसाठी टॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये वेगळी रीत मांडली. रोज ठरल्या जागी, ठरल्या वेळी, अर्धा तास फक्त काळजीसाठी राखून ठेवायचा. एरवी काळजी डोकावली की तिला ओळखायचे, ‘संध्याकाळी सहाला’ असे मनाशी म्हणायचे आणि हातातल्या कामाकडे वळायचे. ठरल्या वेळी मात्र खरोखर बसायचे आणि काही करण्याजोगे आहे का ते पाहायचे. यात विचारावर बंदी नाही, त्याला तारीख दिलेली आहे. म्हणून माकडाचा घोटाळा इथे होत नाही. हा अर्धा तास झोपेला लागून ठेवू नये.

दिवा मालवल्यानंतर नवे काम आठवले तर उशाशी ठेवलेल्या कागदावर एक शब्द टिपावा आणि बाकीचे सकाळवर सोडावे. साधारण वीस मिनिटे होऊनही झोप येत नसेल, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काही सौम्य करावे आणि पेंग आली की परतावे. ही शिस्त रिचर्ड बूट्झिन यांनी 1972 मध्ये मांडली आणि निद्रानाशावरच्या उपचारांत ती आजही वापरली जाते. वीस मिनिटे अंदाजानेच मोजायची. घड्याळाचे तोंड भिंतीकडे असलेले बरे, कारण ‘आता पाचच तास उरले’ हा आणखी एक हिशेब असतो.

वही कुठे पुरत नाही हेही स्पष्ट हवे. संध्याकाळच्या चहा-कॉफीतले निम्मे कॅफीन पाच तासांनंतरही बऱ्याच जणांच्या रक्तात उरलेले असते. तिथे आधी पेला मागे घ्यावा. थायरॉइड ग्रंथीचा स्राव वाढला, तर छातीत धडधड आणि बेचैनीबरोबर झोपही उडते, आणि त्याची तपासणी रक्तावरून होते. विचार भन्नाट वेगाने धावताहेत, दोन-तीन तासांच्या झोपेवरही माणूस दमत नाही, बोलणे थांबत नाही, पैसा वारेमाप खर्च होतो आहे, असे काही दिवस सलग दिसले तर ते उन्मादावस्थेचे लक्षण असू शकते. अशा वेळी घरच्यांनी वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. रात्रीचे विचार मरणाकडे वळत असतील तरीही तसेच. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा 2022 पासून चालू आहे, क्रमांक 14416, दिवसरात्र. तिथे मराठीतही बोलता येते.

श्वासाचा भाग पुढच्या आठवड्यात. वाचकांनी तोवर सात रात्री पाच-पाच मिनिटे वही लिहून पाहावी आणि सकाळी प्रत्येक नोंदीपुढे एवढीच खूण करावी की ते काम रात्री परत आले की नाही. परत आलेल्या नोंदी पुन्हा वाचाव्यात. त्यांत बहुधा वार, वेळ किंवा जागा यांतले काहीतरी लिहायचे राहिलेले सापडेल.