जुने स्पीकर आणि नवा रिसीव्हर

पुष्कळ घरांत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची स्टिरिओ यंत्रणा असते. मोठ्या लाकडी पेट्यांतले दोन स्पीकर अजून उत्तम वाजत असतात. मात्र त्यांना चालविणारा ॲम्प्लिफायर, म्हणजे विवर्धक, थकलेला असतो. शिवाय टेलिव्हिजनवरील चित्रपटांचा आवाजही याच स्पीकरांतून ऐकावा असे मंडळींना वाटू लागते. मग 'होम थिएटर रिसीव्हर' आणण्याचे ठरते. हे नाव रेडिओच्या जमान्यातले. रेडिओ-ग्राहक आणि विवर्धक एकाच पेटीत बसविले की तिला रिसीव्हर म्हणत. आता त्या पेटीत रेडिओला कोपऱ्यातली जागा उरली आहे, पण नाव तेच राहिले.

दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती वॅटचा?" आणि येथेच भौतिकशास्त्र विसरणाऱ्याचे पैसे वाया जातात.

खेळण्याएवढ्या टेपरेकॉर्डरच्या खोक्यावर '१००० वॅट पीएमपीओ' असे छापलेले काहींनी पाहिले असेल. त्याच यंत्राच्या पाठीवरच्या पट्टीवर मात्र 'वीजवापर ३० वॅट' असे असते. तीस वॅट घेऊन हजार वॅट देणारे यंत्र ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमात बसत नाही. विक्रेता म्हणेल, हा आकडा क्षणभराचा आहे, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये ऊर्जा साठलेली असते. ठीक आहे, हिशेब करू. अशा यंत्रात ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १६ व्होल्टला भारित आहे असे समजा. साठलेली ऊर्जा म्हणजे धारकता गुणिले व्होल्टचा वर्ग, त्याचे निम्मे. उत्तर येते सुमारे ०.६ ज्यूल. हजार वॅटच्या दराने ती ०.६ मिलिसेकंदात संपेल. एवढ्या वेळात तबल्याचा एक बोलही पुरा होत नाही!

अशा फसव्या आकड्यांना आळा घालण्यासाठी अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियमच केला. शक्तीचा आकडा सलग चालण्याचा हवा, आणि तो किती ओहमला, कोणत्या कंप्रतांच्या पट्ट्यात व किती विकृतीसह मोजला हेही सांगावयास हवे, असे त्याचे स्वरूप. आपणही आकडा याच कसोटीवर पारखावा. समजा, एका रिसीव्हरच्या माहितीपत्रात '८० वॅट, ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, दोन्ही वाहिन्या चालू, विकृती ०.१ टक्का' असे आहे आणि दुसऱ्याच्या पत्रात '१५० वॅट, ६ ओहम, १००० हर्ट्झ, एक वाहिनी चालू, विकृती १० टक्के'. मी पहिला घेईन. दुसऱ्याचा आकडा मोठा दिसावा म्हणून चारही अटी सैल केलेल्या आहेत.

पण मुळात वॅट लागतात किती? स्पीकर दिलेल्या विजेपैकी शेकडा एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भागाचा ध्वनी करतो, बाकीची उष्णता होते. तरीही कान इतका संवेदनशील की एवढ्यावर काम भागते. स्पीकरच्या माहितीपत्रात संवेदनशीलतेचा आकडा असतो, उदाहरणार्थ ८७ डेसिबेल. याचा अर्थ, एक वॅट दिला असता एक मीटरवर ८७ डेसिबेलचा आवाज. दोन असे स्पीकर एकेका वॅटवर वाजत असतील, तर नेहमीच्या खोलीत तीन मीटरवर साधारण ८० डेसिबेल मिळतील. साधे संभाषण ६० डेसिबेलच्या आसपास असते, हे लक्षात घ्या.

डेसिबेल लॉगरिथमच्या हिशेबाने चालतो. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबेल वाढतात, दहापट केली की १०. आणि आवाज कानाला 'दुप्पट' वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबेल लागतात. म्हणून ५० वॅटच्या जागी १०० वॅटचा रिसीव्हर आणला, तर मिळकत अवघी ३ डेसिबेल. ८७ ऐवजी ९० डेसिबेलचा स्पीकर असता तरी तेवढीच मिळाली असती.

मग एक वॅटचा विवर्धक का पुरत नाही? कारण संगीत एका पातळीवर चालत नाही. सरासरी ७५ डेसिबेलवर गाणे ऐकताना प्रत्येक स्पीकरला जेमतेम एक-तृतीयांश वॅट लागतो. पण तबल्याची थाप किंवा चित्रपटातला स्फोट सरासरीच्या २० डेसिबेल वर उसळू शकतो. म्हणजे शंभरपट शक्ती, सुमारे ३० वॅट, क्षणभर का होईना पण हवी. विवर्धकाकडे ती नसेल, तर लहरीचे माथे छाटले जातात. गुळगुळीत लहर चपट्या माथ्याची होते आणि तिच्यात उच्च कंप्रतेचे नवे घटक जन्मतात. ते उंच सुरांच्या नाजूक छोट्या स्पीकरकडे, म्हणजे ट्वीटरकडे, जातात. शिवाय पूर्ण चौकोनी झालेली लहर तेवढ्याच कमाल दाबाच्या गुळगुळीत लहरीच्या दुप्पट शक्ती वाहते. म्हणूनच दुबळा विवर्धक कान पिळून वाजविला तर ट्वीटर जळू शकतो. नेहमीच्या दिवाणखान्याला प्रामाणिक ५० वॅट पुरेसे आहेत.

वॅटपेक्षा महत्त्वाचा आकडा जुन्या स्पीकरच्या पाठीवर असतो : ४, ६ किंवा ८ ओहम. हा त्याचा संरोध. विवर्धक जवळजवळ ठराविक दाब देणाऱ्या उगमासारखा वागतो. २० व्होल्टला ८ ओहममधून २.५ अँपिअर वाहतील आणि ५० वॅट मिळतील. ४ ओहममधून ५ अँपिअर आणि १०० वॅट. हे फुकटचे दान नव्हे. दुप्पट प्रवाहाने विवर्धकाचे ट्रान्झिस्टर तापतात, आणि रिसीव्हर '६ ते १६ ओहम' असा असेल तर संरक्षक मंडल त्याला ऐन रंगात बंद पाडते. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच वाहिनीला समांतर जोडले तरी ४ ओहमच होतात. पाठीवरचा आकडा पुसला असेल तर स्पीकर सोडवून मल्टिमीटरने रोध मोजावा. ८ ओहमचा स्पीकर सुमारे ६ दाखवील, ४ ओहमचा तीन-साडेतीन. संरोध कंप्रतेनुसार बदलतो, आणि मल्टिमीटर केवळ तारेच्या वेटोळ्याचा रोध मोजतो, म्हणून हा फरक.

खरेदीआधी स्पीकरांची तब्येत अवश्य पाहावी. पुढचे कापड काढून शंकूच्या कडेचा पट्टा बोटाने हलकेच दाबा. तो फोमचा असेल तर इतक्या वर्षांत भुगा झालेला असण्याचा संभव आहे. तसे असल्यास आधी तो बदलून घ्यावा. मग विवर्धकापासून सोडविलेल्या स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर जोडा. सेलचे धन टोक लाल अग्राला लावल्यावर मोठ्या स्पीकरचा शंकू बाहेर सरकला पाहिजे. दोन्ही पेट्या सारख्या वागल्या नाहीत तर एकीची जोडणी उलटी आहे; अशा जोडीत खर्जाचे सूर एकमेकांना मारतात. ही चाचणी शाळेच्या प्रयोगशाळेतही करून दाखविता येईल.

जोडण्यांविषयी थोडेसे. टेलिव्हिजनचा आवाज रिसीव्हरकडे एचडीएमआयच्या तारेनेच परत आणण्याची सोय, एआरसी, २००९ साली आली. त्याआधीच्या संचासाठी प्रकाशतंतूचा सॉकेट असलेला रिसीव्हर शोधावा. घरात रेकॉर्ड प्लेअर असेल तर 'फोनो' सॉकेट आहे का ते विचारा, कारण पिकअपकडून जेमतेम पाच मिलिव्होल्टच्या घरात दाब मिळतो आणि साध्या सॉकेटला तो फारच अपुरा पडतो.

रिसीव्हर पाच-सात वाहिन्यांचा असला तरी तेवढे स्पीकर विकत घेण्याची सक्ती नाही. मात्र 'स्पीकर दोनच आहेत' हे त्याच्या मांडणीत नोंदवावे लागते. चित्रपटातले संवाद बहुतांशी मधल्या वाहिनीत असतात. नोंद केली की रिसीव्हर ते डाव्या-उजव्या स्पीकरांत सारखे वाटून देतो. नाही केली तर पडद्यावर ओठ हलतात आणि ऐकू येते फक्त पार्श्वसंगीत.