खानदेशांतील रानवाटा आणि सायकल

सायकलीनें रानांत जावयाचें तर वाट किती लांब आहे यापेक्षां तिची माती कोणती, हें आधीं पाहावें.

चाळीसगांवाहून पाटणादेवीचेंच उदाहरण घेऊं. अंतर सुमारें १८ किलोमीटर. सडक सोडून शिवारांतील गाडीवाट धरली कीं काळी कपाशीची जमीन लागते. ती पाण्यानें फुगते व चिकटते. पावसाळ्यांत हा चिखल चिमट्यांत भरून चाक जागींच अडतें. तेव्हां सडकच बरी. पुढें डोंगराच्या पायथ्याशीं मुरूम व दगडगोटे येतात. तेथें रुंद टायरांतील हवा किंचित् कमी करावी, म्हणजे टायर जमिनीस अधिक टेकून पकड घेतो. फारच कमी केल्यास मात्र तो दगडावर आपटून आंतील ट्यूब फाटते. बांधावरील बाभळीचा कांटा कोणताच ऋतु पाहत नाहीं, म्हणून जादा ट्यूब व पंप जवळ असावा.

हें रान १९८६ सालापासून गौताळा-औट्रमघाट अभयारण्यांत मोडतें. वनखात्यानें मोकळी ठेवलेली वाट सोडूं नये. येथील पाटण गांवच्या शिलालेखांत भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचे नातू चांगदेव यांनीं स्थापिलेल्या मठास शके ११२८ मध्यें मिळालेल्या दानाची नोंद आहे. चार घटका तेथें अवश्य थांबावें.

वैशाखांत येथील पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि वाटेंतले ओढे कोरडे असतात. यास्तव मार्गशीर्ष ते माघ हाच काळ योग्य. पहांटे निघावें, पाणी घरूनच न्यावें, आणि निम्में संपण्यापूर्वीं परतीस लागावें.