कोडं रोज सकाळी साडेदहाला

पैनगंगेजवळचं बेला हे तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातलं मंडलाचं गाव. नदी ओलांडली की महाराष्ट्र. इथल्या कितीतरी घरांत मराठी बोलली जाते, सरकारी कामकाज मात्र तेलुगूत चालतं. डिसेंबरात शिवारात कापसाची वेचणी सुरू असते, आणि त्याच महिन्यात जगभरचे प्रोग्रामर कोडी सोडवायला बसतात. बेल्याच्या मुलामुलींनीही यंदा त्यांच्यात सामील व्हावं, म्हणून हा लेख.

या स्पर्धेचं नाव ‘अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड’. एरिक वास्टल या अमेरिकी प्रोग्रामरनं २०१५ साली ती सुरू केली. १ डिसेंबरपासून रोज एक नवं कोडं, आपल्या घड्याळात सकाळी साडेदहाला. आधी २५ दिवस कोडी येत, २०२५पासून ती १२ दिवसांवर आली. त्याच वर्षी जागतिक क्रमवारीही बंद झाली, कारण सर्वांत आधी उत्तर देण्याच्या चढाओढीचा ताण फार होऊ लागला होता. फी नाही, वयाची वा पदवीची अट नाही, प्रोग्रामिंगची भाषा कोणतीही चालते. प्रत्येक कोड्याचे दोन भाग असतात. पहिला सुटला की दुसरा उघडतो. उत्तर चुकलं तर थोडं थांबून पुन्हा द्यायचं.

२०२१मधलं सहाव्या दिवसाचं कोडं पाहा. काही मासे आहेत. प्रत्येकाजवळ एक आकडा, तो रोज एकानं घटतो. शून्यावर असलेला मासा दुसऱ्या दिवशी सहावर जातो आणि आठ आकड्याचं एक पिल्लू देतो. सुरुवात ३, ४, ३, १, २ अशा पाच माशांनी. पहिल्या दिवशी २, ३, २, ०, १. दुसऱ्या दिवशी १, २, १, ६, ०, ८, म्हणजे सहा मासे. ८० दिवसांनी किती? ५,९३४. यादी वाढवत नेली की उत्तर मिळतं.

दुसऱ्या भागात फक्त दिवस बदलतात: ८०ऐवजी २५६. आता उत्तर येतं २६,९८,४४,५७,५३९. माशामागे एक बाइट धरला तरी यादीला सुमारे २७ जीबी जागा हवी. साधा लॅपटॉप तिथेच हात टेकतो.

तोडगा बेल्याच्या शेतकऱ्याला सांगावा लागणार नाही. कापसाची बोंडं मोजून कुणी विकत नाही. प्रतवारी करून ढिगाचं वजन करतात. इथेही सारख्या आकड्याचे मासे एकाच ढिगात टाकायचे. शून्य ते आठ, असे फक्त नऊ ढीग. रोज प्रत्येक ढीग एक घर खाली सरकतो. शून्याचा ढीग सहाच्या ढिगात मिसळतो आणि तेवढीच पिल्लं आठच्या घरात येतात. दहा-बारा ओळींचा प्रोग्राम, उत्तर क्षणात. यंत्र तेच, बदलली ती विचाराची रीत. या स्पर्धेची खरी कमाई हीच, आणि ती क्रमांकात मोजता येत नाही.

अडचण आहे ती इंग्रजीची. कोडी लांबलचक गोष्टीतून सांगितलेली असतात. म्हणून एकट्यानं न बसता चौघांनी बसावं: एकानं वाचावं, दुसऱ्यानं मराठीत किंवा तेलुगूत समजावावं, तिसऱ्यानं वहीवर आकडे मांडावेत, चौथ्यानं टाइप करावं. उत्तर बहुधा एक आकडाच असतो. तिथवरचा विचार आपल्या बोलीत करायला कुणाची आडकाठी नाही. शाळा वा मित्रमंडळींना आपली खासगी क्रमवारीही ठेवता येते. संगणक नसेल तर मोबाइलच्या ब्राउझरमध्येही पायथन चालवता येतं.

तेलंगणातच, बासरला, २००८पासून ग्रामीण विद्यार्थ्यांना दहावीनंतर थेट अभियांत्रिकीकडे नेणारं राजीव गांधी ज्ञान तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. तिकडे जाऊ पाहणाऱ्यांनी ही सवय आधीच लावून घ्यावी.

एक पथ्य मात्र पाळा. एआयला उत्तर विचारू नका. वास्टल यांचीही तीच विनंती आहे. आणि डिसेंबरची वाट पाहायलाच हवी असं नाही. २०१५पासूनची सगळी कोडी आजही मोफत खुली आहेत. दिवाळीच्या सुट्टीत पहिलं कोडं घ्या, आणि अडलात तर वही उघडा.