दस्तऐवज घडताना (भाग ९) : पत्ता नको, नाव सांगा

रस्ट भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत ‘व्हेक’ या यादीच्या प्रकाराचं पान उघडलं, की यादीत घटक घालणं, काढणं वगैरे त्याच्या स्वतःच्या मेथड्स आधी दिसतात. बरंच खाली गेल्यावर वेगळाच ऐवज सुरू होतो. क्रम लावणं, शोधणं, यादी उलटी करणं. हा मजकूर व्हेकसाठी कोणी लिहिलेलाच नाही. तो ‘स्लाइस’ या प्रकारासाठी लिहिलेला आहे. व्हेक हा स्लाइससारखा वापरता येतो, म्हणून ‘रस्टडॉक’ हे साधन तोच मजकूर उचलून व्हेकच्या पानावरही छापतं.

वाचकाची सोय झाली, दुव्यांची मात्र पंचाईत. स्लाइसचं पान ‘एसटीडी’ या मुख्य फोल्डरात असतं आणि व्हेकचं त्याच्या आतल्या फोल्डरात, म्हणजे एक पायरी खोल. ‘एक फोल्डर वर जा, मग अमुक फाइल उघड’ असा दुवा पहिल्या पानावर अचूक लागतो आणि दुसऱ्यावर भलतीकडे नेतो. लिहिणाऱ्याने एकदाच लिहिलं, बरोबर लिहिलं, तरी दुवा मोडलाच.

गेल्या आठवड्यात आपण बाहेरच्या संकेतस्थळांकडे जाणारे दुवे पाहिले. ते मोडतात तेव्हा बोट दुसऱ्याकडे दाखवता येतं. आतल्या दुव्यांच्या बाबतीत ती पळवाट नाही, कारण दुव्याची दोन्ही टोकं एकाच प्रकल्पाच्या हातात असतात. ‘हॅशमॅप’ या प्रकाराचंच पाहा. त्याची पानं दोन आहेत. एक ‘कलेक्शन्स’ मध्ये, दुसरं त्याच्याही आतल्या ‘हॅश_मॅप’ मॉड्यूलमध्ये. मजकूर तोच, खोली वेगळी. अनेक वर्षं रस्टचे लेखक दस्तऐवजासाठी कोडमध्येच लिहिलेल्या प्रत्येक टिप्पणीच्या तळाशी ‘डॉट-डॉट-स्लॅश’ने सुरू होणाऱ्या एचटीएमएल पत्त्यांची रांग हाताने लिहीत होते. एखादं स्ट्रक्ट बदलून एनम केलं, तरी फाइलचं नाव बदलायचं आणि तिच्याकडे येणारे सगळे दुवे एका फटक्यात निकामी व्हायचे.

यावर उपाय सुचवला तो १९४६ क्रमांकाच्या ‘आरएफसी’ने, म्हणजे रस्टमधल्या बदलाच्या प्रस्तावाने. १९ नोव्हेंबर २०२० रोजी आलेल्या रस्टच्या १.४८ आवृत्तीत ती सोय सर्वांसाठी खुली झाली. आता लेखकाने चौकटी कंसात फक्त नाव लिहायचं. कोडमध्ये जसा मार्ग लिहितात तसाच, दोन-दोन अपूर्णविरामांनी जोडलेला. त्या नावाचं पान कुठे आहे आणि इथून तिथे कसं पोचायचं, हे रस्टडॉक ठरवतं. त्यासाठी ते कंपायलरचेच नियम वापरतं. त्या फाइलमध्ये जे नाव कोडला दिसतं, ते टिप्पणीलाही दिसतं. नाव सापडलं नाही, तर दस्तऐवज तयार होतानाच इशारा मिळतो. प्रकल्पाला हवं असेल तर त्या इशाऱ्यालाच चूक ठरवून काम तिथेच थांबवता येतं.

नावांमध्येही गोंधळ असतोच. ‘व्हेक’ याच अक्षरांचं एक मॉड्यूल आहे आणि एक मॅक्रोही. नुसतं नाव लिहिलं तर रस्टडॉकने कुठे जायचं? म्हणून खुणेची सोय आहे. मागे उद्गारचिन्ह लावलं तर मॅक्रो, रिकामे गोल कंस लावले तर फंक्शन, नाहीतर नावाआधी ‘मॉड’ किंवा ‘स्ट्रक्ट’ लिहून ॲटचं चिन्ह. रस्टचा प्रोग्रामर मॅक्रो आणि फंक्शन कोडमध्येही असेच लिहितो, त्यामुळे नवं काही पाठ करावं लागत नाही. सबंध योजनेतला हा सर्वांत शहाणपणाचा भाग म्हणावा लागेल.

तरीही सगळं सुटलं असं नाही. ‘कोअर’ ही लायब्ररी सर्वांत खाली आहे आणि ‘एसटीडी’ तिच्यावर उभी आहे. कोअर तयार होत असताना एसटीडी अस्तित्वातच नसते, मग तिच्यातलं नाव सापडणार कसं? त्यामुळे कोअरच्या टिप्पणीतून हॅशमॅपकडे जायचं, तर जुना हाताने लिहिलेला पत्ताच कामी येतो. असे पत्ते तपासायला रस्टच्या भांडारात ‘लिंकचेकर’ नावाचं वेगळं साधन आहे. ते तयार झालेली एचटीएमएल पानं वाचून प्रत्येक दुवा पडताळतं. त्याच्या कोडमध्येच अपवादांची यादी आहे आणि तीत ‘आयओस्लाइस’ या प्रकाराचं पान आहे. स्लाइसकडून त्या पानावर आलेल्या, शोधण्याच्या एका मेथडचं वर्णन ‘आधी क्रम लावून घ्या’ म्हणत क्रम लावणाऱ्या मेथडकडे बोट दाखवतं. आयओस्लाइस फक्त वाचू देतो, बदलू देत नाही, म्हणून क्रम लावणारी मेथड त्या पानावर छापलीच जात नाही. दुव्याचं नाव खरं, ती मेथडही खरी, पण या पानावर तिची जागाच नाही.

पायथॉनची गोष्ट जुनी आणि अधिक फसवी. २००७ मध्ये पायथॉनचे दस्तऐवज लेटेकमधून रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये आणले गेले. त्यासाठी गेऑर्ग ब्रँडल यांनी ‘स्फिंक्स’ हे साधन घडवलं आणि ते २००८ मध्ये सर्वांसाठी प्रसिद्ध झालं. स्फिंक्समध्ये दुवे पहिल्यापासून नावानेच दिले जातात : हे फंक्शन, ही मेथड, हा क्लास अशी खूण आणि पुढे नाव. पण नाव सापडलं नाही, तर स्फिंक्स एरवी काहीच बोलत नाही. शब्द कोडच्या ठशात छापला जातो, फक्त त्याचा दुवा होत नाही. वाचकाला ४०४ दिसत नाही, लेखकाला इशारा मिळत नाही. मोडलेला दुवा निदान तक्रार तरी ओढवून घेतो. इथे तक्रार करायलाच कोणी उरत नाही.

स्फिंक्सला ‘निटपिकी’ नावाची सेटिंग आहे. ती चालू केली, की अशी प्रत्येक हुकलेली नोंद पडद्यावर येते. पायथॉनसारख्या जुन्या प्रकल्पात त्या इशाऱ्यांचा ढीगच पडला. सगळे एका दमात दुरुस्त करायचं म्हटलं असतं, तर काम सुरूच झालं नसतं. पायथॉनच्या मंडळींनी ‘निटइग्नोर’ नावाची फाइल केली आणि ज्या पानांत अजून चुका आहेत त्यांची नावं तीत लिहिली. यादीबाहेरच्या पानात नवी चूक शिरली, तर तपासणी नापास. उलट, यादीतलं एखादं पान स्वच्छ झालं आणि तरी नाव तसंच राहिलं, तरीही नापास! स्वच्छ झालेलं पान यादीतून काढावंच लागतं, आणि एकदा काढलं, की ते पुन्हा मळू देता येत नाही. मोहीम काढून महिनाभरात सगळं चकाचक करण्यापेक्षा ही चिवट पद्धत केव्हाही बरी.

एकेक पान साफ करताना तीनच प्रश्न पडतात. नाव अपुरं आहे का? ‘ओएस’ मॉड्यूलचं ‘वॉक’ दुसऱ्या मॉड्यूलच्या पानावर नुसतं ‘वॉक’ म्हणून सापडत नाही. पूर्ण मार्ग द्यावा लागतो, आणि तो वाचताना अडखळू नये म्हणून सुरुवातीला लाटेचं चिन्ह लावलं, की छापताना शेवटचाच भाग दिसतो. नाव पूर्ण आहे, पण त्या मेथडची नोंदच कोणी कुठे केलेली नाही, असं तर नाही ना? मग दुवा नव्हे, दस्तऐवज अपुरा आहे. ती नोंद लिहावी लागते. आणि इथे दुवा मुळात हवा आहे का? नको असेल तर नावाआधी उद्गारचिन्ह टाकायचं. स्फिंक्स शोधायला जात नाही आणि पुढच्या माणसाला कळतं, की हे जाणूनबुजून केलं आहे.

पुढच्या भागात : एका प्रकल्पाच्या दस्तऐवजातून दुसऱ्याच्या दस्तऐवजात नावाने कसं जायचं, आणि त्यासाठी स्फिंक्स बाळगत असलेली ‘ऑब्जेक्ट्स डॉट आयएनव्ही’ ही नोंदवही.